गाडी अंगाला बसते का? पहिली कार घेणाऱ्या पुणेकरांसाठी

माझी उंची चार फूट दहा इंच, नवऱ्याची सहा फूट एक. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत पार्किंगची जागा एकच, म्हणून गाडीही एकच. तिघांना सोसेल अशी गाडी मिळायला आम्हाला दोन खेपा लागल्या.

पहिल्या खेपेला आम्ही मायलेज, किंमत, रंग, डिकी सगळं बघितलं, पण बसायला कशी आहे हे नीट बघितलंच नाही. टेस्ट ड्राइव्हला दिलेली गाडी वरच्या व्हेरियंटची, म्हणजे त्याच मॉडेलच्या जास्त सोयींच्या प्रकारातली, होती आणि तिची सीट वर-खाली होत होती. आम्ही पैशांचा मेळ घालून मधलं व्हेरियंट बुक केलं. त्यात सीट वर करायची सोय नव्हती. शोरूममधल्या माणसाने ते सांगितलं नाही आणि विचारायचं असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. गाडी आली, पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी मी स्टिअरिंगच्या वरच्या कडेखालून रस्ता बघत ऑफिसला गेले.

पुढची अडीच वर्षं मी उशी घेऊन गाडी चालवली. एका संध्याकाळी नळ स्टॉपला पुढची रिक्षा अचानक थांबली. मी ब्रेक दाबला तशी उशी पुढे सरकली, तिच्याबरोबर मी सरकले, क्लचवरचा पाय निसटला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. कुणाला काही लागलं नाही, पण घरी पोचेपर्यंत माझे हात थरथरत होते. दुसरी गाडी घेताना मात्र आम्ही टेप घेऊन बसलो. तेव्हा जे शिकलो ते इथे क्रमाने मांडते आहे, कारण पहिली गाडी घेणाऱ्याला हे सहसा कुणी सांगत नाही.

आधी घरच्यांची मापं घ्या

ब्लाउज शिवायला टाकताना आपण नुसती उंची सांगत नाही. गाडीचंही तसंच आहे. पाच फूट आठ इंचांची दोन माणसं घ्या. एकाचे पाय लांब असतील, दुसऱ्याचं धड लांब असेल. पहिल्याचे गुडघे डॅशबोर्डला लागतील, दुसऱ्याचं डोकं टपाला टेकेल. उंची सारखीच, अडचणी मात्र निराळ्या.

भिंतीला पाठ लावून सपाट स्टुलावर ताठ बसा आणि दुसऱ्या कुणालातरी शिंप्याच्या टेपने तीन मापं घ्यायला सांगा. स्टुलापासून टाळूपर्यंत, म्हणजे बसलेली उंची. पाठीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत, म्हणजे मांडीची लांबी. त्या घडीपासून टाचेपर्यंत, म्हणजे गुडघ्याखालची लांबी. अंगाने भरलेलं कुणी असेल तर बसल्यावर कमरेची रुंदीही मोजा. आमच्याकडे माझी मांडी ४१ सेंटिमीटर भरली आणि नवऱ्याची ५१. या दहा सेंटिमीटरच्या फरकाने आमच्या यादीतल्या दोन गाड्या तिथेच कटाप केल्या.

मग ठरवा की घरातलं गाडीत बसवायला सगळ्यांत अवघड माणूस कोण. पसंतीचा पहिला हक्क त्या माणसाचा, पैसे कोणीही भरत असो. मधल्या मापाची माणसं बहुतेक गाड्यांत मावतात. गाडीची आतली रचना करताना जी ठरलेली पद्धत आहे तिच्यात बुटक्या टोकाला स्त्रियांमधल्या सर्वांत कमी मापाच्या पाच टक्के आणि उंच टोकाला पुरुषांमधल्या सर्वांत मोठ्या मापाचे पाच टक्के हिशेबाबाहेर राहतात. आपल्याकडे बायकांची सरासरी उंचीच १५२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम पाच फूट. त्यामुळे माझ्यासारख्या बायका त्या काठावर किंवा काठापलीकडे असतात. गाडीत अवघडल्यासारखं झालं तर दोष आपल्या शरीराचा नाही, एवढं मनाशी धरूनच शोरूमची पायरी चढा.

बाहेरून मोठी म्हणजे आतून मोठी, असं नाही

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या चार मीटरच्या आत का असतात, हे समजलं की बराच गोंधळ मिटतो. कारण कराचं आहे. लांबी ४००० मिलिमीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर कर कमी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून मोठ्या पेट्रोल गाड्यांवर ४० टक्के. म्हणून कंपन्या इंजिन, माणसं आणि डिकी या तिन्ही गोष्टी त्या चार मीटरमध्ये कोंबतात. लांबी वाढवता येत नाही, तेव्हा उंची वाढवायची. ही उंच धाटणी तशी जुनीच, १९९८ची सँट्रो आणि १९९९ची वॅगन-आर अशाच. सीट उंच ठेवली की माणूस खुर्चीत बसल्यासारखा सरळ बसतो, पाय खाली सोडतो आणि पुढे जागा कमी लागते.

वॅगन-आरची उंची १६७५ मिलिमीटर आहे आणि स्विफ्टची १५२०च्या आसपास. कागदावर हा वीतभर फरक. प्रत्यक्षात वॅगन-आरमध्ये तुम्ही नुसते टेकता, स्विफ्टमध्ये खाली उतरून बसता. तरुण पाठीला दुसरं आवडेल. गुडघे कुरकुरत असतील तर पहिलं.

एसयूव्हीबद्दल एक गैरसमज फार आहे. उंच गाडी सगळ्यांनाच सोयीची पडत नाही. साडी नेसलेल्या बाईला किंवा पाच फुटांच्या आतल्या माणसाला ती रोज चढावी लागते. मी दार उघडून सीटच्या शेजारी उभी राहून बघते. सीटची कड माझ्या मांडीच्या मध्याला आली तर बसणं सोपं जातं. गुडघ्याच्या जवळ आली तर उठताना त्रास होतो आणि कमरेला आली तर चढण.

सनरूफ हवंच असेल तर सनरूफवाल्याच व्हेरियंटमध्ये बसून बघा. त्याच्या सांगाड्यापायी टप काही सेंटिमीटर खाली येतं आणि उंच माणसाला नेमकी तीच जागा हवी असते. इलेक्ट्रिक गाडी बघत असाल तर मागच्या सीटवर बसा. पेट्रोल गाडीवरून बेतलेल्या कित्येक इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरीमुळे पायाखालची जमीन वर आलेली असते. गुडघे वर राहतात, मांड्या सीटवरून अधांतरी होतात आणि अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते.

शोरूममध्ये बसायचं कसं

आमच्या दुसऱ्या खेपेचे सहाच्या सहा रविवार यातच गेले. जे व्हेरियंट घेणार तेच बघायला मागा. रोज घालता ती चप्पल किंवा बूट घालून जा. आणि समजावून सांगणाऱ्याला दहा मिनिटं थांबायची विनंती करा, कारण कुणी बाजूला बोलत असलं की आपलं अंग काय सांगतंय ते कळत नाही.

सुरुवात पायांपासून. कमरेचा भाग सीटच्या कोपऱ्यात पूर्ण मागे टेकवा आणि क्लच तळापर्यंत दाबा. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय काठीसारखा ताणला जात असेल किंवा टोकाच्या बोटांनी दाबावं लागत असेल तर सीट पुढे घ्या. क्लच नसलेली गाडी असेल तर हेच ब्रेकवर करा. डावा पाय मोकळा असताना तो टेकवायला जागा, म्हणजे डेड पेडल, आहे का तेही बघा. चांदणी चौक ते हिंजवडी रोज करणाऱ्याला त्या हातभर जागेची किंमत कळते.

आता मांडी. सीटची पुढची कड आणि गुडघ्यामागची घडी यांत दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. कड घडीत रुतत असेल तर पायाला मुंग्या येतील. बुटक्या माणसांना हा त्रास फार होतो. उलट उंच माणसाची अर्धी मांडी हवेत राहते आणि सगळा भार कमरेवर येतो. नवऱ्याला आवडलेली एक गाडी आम्ही केवळ यासाठी सोडली.

पाठ साधारण शंभर ते एकशे दहा अंशांत ठेवा, म्हणजे ताठ खुर्चीहून किंचित मागे रेललेली. मग सीटची उंची. बॉनेटची थोडी तरी कड दिसली पाहिजे आणि डोळ्यांची रेषा स्टिअरिंगच्या कड्यावरून गेली पाहिजे. डोकं आणि टप यांत उभी मूठ मावायला हवी. पुण्यातल्या गतिरोधकांवर ती मूठभर जागा लागतेच.

स्टिअरिंग सगळ्यांत शेवटी. खांदे सीटला टेकलेले ठेवून हात सरळ पुढे करा. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, कारण एअरबॅग त्याच ठिकाणाहून जोरात उघडते. हा सल्ला अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा यंत्रणेचा आहे आणि बुटक्या चालकांसाठी तो जिवाशी संबंधित आहे. क्लचपर्यंत पोचायला मी पुढे सरकते आणि पुढे सरकले की स्टिअरिंग छातीशी येतं. यावर खरा उतारा म्हणजे मागेपुढे होणारं स्टिअरिंग. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत ते फक्त वर-खाली होतं आणि सर्वांत खालच्या व्हेरियंटमध्ये कधीकधी तेही नाही. ब्रोशरमध्ये टिल्ट म्हणजे वर-खाली, टेलिस्कोपिक म्हणजे मागेपुढे. हे दोन शब्द आणि चालकाच्या सीटची उंची, एवढ्या तीन गोष्टींवर पेनाने खूण करा. टचस्क्रीन किती इंची आहे ते नंतर बघू.

मग पट्टा लावा. खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर हवा. वरचा गळ्याखालच्या हाडाच्या मध्यावरून गेला पाहिजे. माझ्या बाबतीत तो मानेला घासतो, म्हणून पट्ट्याची वरची खुंटी खाली सरकवता येणारी गाडीच मी धरली. गरोदर बाईने खालचा पट्टा पोटाच्या खालून घ्यायचा. हेडरेस्टची वरची कड निदान कानांच्या वर यायला हवी. उंच माणसाला ती मानेशीच अडते, आणि मागून धक्का बसला तर तसल्या हेडरेस्टचा आधार मिळत नाही.

सुरक्षेच्या ताऱ्यांबद्दल इथेच सांगते. भारत एनकॅपच्या, म्हणजे गाडी धडकवून तिला तारे देणाऱ्या चाचण्या १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाल्या. तारे जरूर बघा, मीही बघितले. पण समोरून धडकेच्या चाचणीत चालकाच्या जागी जो पुतळा बसवतात तो मध्यम बांध्याच्या पुरुषाचा असतो. स्टिअरिंगला खेटून बसलेल्या चार फूट दहा इंचांच्या बाईबद्दल ते तारे फार काही सांगत नाहीत. ते अंतर आपणच सांभाळायचं.

अंगाने भरलेल्यांसाठी

यावर शोरूममध्ये कुणी मोकळेपणाने बोलत नाही, आणि ज्याला अडचण आहे तोही संकोचतो. संकोचू नका. दोन्ही बाजूंना उशा फुगवलेल्या स्पोर्टी सीट दिसायला छान असतात, पण मांड्या आणि बरगड्या दाबतात. सपाट, रुंद सीट बघा. डावा गुडघा गियरजवळच्या कन्सोलवर आणि उजवा दारावर टेकतोय का बघा. टेकत असेल तर तिथे कड कठीण आहे की मऊ, हे हाताने चाचपा. खंबाटकी घाट चढेपर्यंत त्या कडेचा वळ उठतो. पट्टा लावल्यावर थोडा शिल्लक राहतो का? पोट स्टिअरिंगच्या खालच्या कडेला लागतंय का? लागत असेल तर सीट मागे ढकलून हात ताणत चालवू नका, दुसरी गाडी बघा.

मागची सीट, आणि ज्येष्ठ

चालकाची सीट घरातल्या सर्वांत उंच माणसाच्या बेताने लावा आणि त्याच्याच मागे बसा. शोरूममध्ये पुढची सीट बरीच पुढे सारून ठेवलेली असते, तेव्हा मागे ऐसपैस वाटतं.

सासूबाईंना आम्ही दुसऱ्या खेपेला प्रत्येक शोरूममध्ये नेलं. पहिल्यांदा त्या “मला काय कळतंय त्यातलं” म्हणत होत्या. चौथ्या गाडीत मात्र स्वतःच दार उघडून, पाठमोऱ्या होऊन आधी सीटवर टेकल्या, मग टपाजवळची मूठ धरून एकेक पाय आत घेतला आणि म्हणाल्या, “हिच्यात माझा गुडघा दुमडत नाही गं.” गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर असंच बसायला शिकवतात. त्यासाठी दाराचं तोंड रुंद हवं, खालचा उंबरा उंच नको आणि मूठ हवीच. काही स्वस्त व्हेरियंटमध्ये ती मूठच नसते. आल्ट्रोझ आणि पंच या टाटांच्या गाड्यांची दारं ९० अंशांत उघडतात, त्याचा इथे फार उपयोग होतो. मधे बसणाऱ्याच्या पायाखालचा उंचवटा आणि मागे एसीचा झोत आहे का, हेही बघून घ्या.

टेस्ट ड्राइव्ह: रस्ता तुम्ही ठरवा

शोरूमच्या आसपास एक चक्कर मारून काही कळत नाही. निदान पाऊण तास मागा. लायसन्स बरोबर ठेवा आणि रस्ता आधीच सांगा. आम्ही कर्वे रोडने निघालो ते मुद्दाम संध्याकाळच्या गर्दीत, म्हणजे क्लचची परीक्षा होते. पौड रोडने चांदणी चौकाचा चढ चढलो आणि हायवेने वारज्याला उतरलो. येताना एका चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलून बघितली, एका गल्लीत रिव्हर्स घेतली. घरी दोघं चालवणार असाल तर दोघांनीही चालवायची, एकाने फक्त शेजारी बसून चालणार नाही.

उतरल्यावर लगेच मत देऊ नका. दोन मिनिटं चाला. मान, कंबर, उजव्या पायाचा घोटा कुठे ओढतोय का बघा. तीस मिनिटांत जे किंचित खुपतं ते महाबळेश्वरला पोचेपर्यंत दुखणं होतं. ज्यांचा डावा गुडघा किंवा घोटा आधीच दुखतो त्यांनी ऑटोमॅटिक चालवून बघावी. आपल्या ट्रॅफिकमध्ये क्लचचा हिशेब करायला गेलं तर तो खर्च मला तरी जास्त वाटला नाही.

घरच्या पार्किंगमध्येही माप घ्या

हे आम्हाला एका शेजाऱ्यांमुळे कळलं. त्यांची गाडी छान, दार मोठं, पण पार्किंगच्या खांबामुळे ते अर्धंच उघडायचं. मोठं दार अर्धवट उघडलं तर फट छोट्या दाराइतकीही राहत नाही. आता त्यांच्या आईंना आधी बाहेर उतरवतात आणि मग गाडी आत घेतात. तुमच्या जागेची रुंदी मोजा, त्यातून आरशांसकट गाडीची रुंदी वजा करा आणि उरलेल्या फटीतून स्वतः आडवं निघून बघा. मेकॅनिकल पार्किंग असेल तर उंचीची मर्यादा सोसायटीकडून लेखी घ्या. उंच गाड्या खालच्या खणात बसत नाहीत.

जुनी गाडी, सीट कव्हर वगैरे

जुनी गाडी घेत असाल तर चालकाच्या सीटचा फोम तळहाताने दाबा, उजवी कड बसलेली असते. फोम नवा भरता येतो, पण तो खर्च सौद्यात धरा. जाड सीट कव्हरने सीट वर येते आणि आतली रुंदी कमी होते. शिवाय सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर साधं कव्हर ती अडवू शकतं. आणि सुटी उशी कधीही नको. ती सरकली की पट्टा कमरेवरून पोटावर चढतो. सीट पुरेशी वर येत नसेल तर ती गाडी तुमची नाही.

बुकिंग आणि ताबा

बुकिंगच्या फॉर्मवर व्हेरियंटचं पूर्ण नाव लिहून घ्या आणि खाली तुमच्या हाताने ‘चालकाची सीट वर-खाली होणारी’ असं लिहा. ज्या सोयीसाठी गाडी घेताय ती कागदावर असू द्या. नोंदणी व्हायच्या आधी प्रत्यक्ष तुमच्या नावावर येणारी गाडी बघायला मागा. प्लास्टिक न काढताही तिच्यात बसता येतं. सीट, स्टिअरिंग, पट्ट्याची खुंटी सगळं एकदा हलवून बघा. एकदा एमएच-१२ची पाटी लागली की परत करणं फार जड जातं.

गाडी घरी आल्यावर पहिल्या रविवारी आम्ही दोघांनी आपापली बैठक लावली आणि खुणा करून ठेवल्या. नवऱ्याची सीट अगदी मागे, माझी तिथून नऊ खटके पुढे आणि उंचीचा दांडा अकरा वेळा वर. सीटच्या रुळाशेजारी पांढऱ्या चिकटपट्टीचे दोन तुकडे लावलेत. तो ऑफिसहून आला की मी किल्ली घेते, नऊ खटके मोजते, आरसे लावते, पट्टा ओढून बघते आणि मगच गाडी सुरू करते.